वखारीतल्या लांबशिंगी भुंगेऱ्यांचं गाव कुठलं लिहायचं?

उंबरफूल
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय लांबशिंगी भुंगेरे, म्हणजे सेरॅम्बिसिडी कुळ. ज्यांच्या मिशा अंगापेक्षा लांब असतात ते. गोळा केलेले सगळे नमुने शेवटी विद्यापीठाच्या कीटकसंग्रहात जाणार आहेत, म्हणून नोंदी नीट हव्यात.

आत्तापर्यंत ४१ नमुने झालेत. २४ मी स्वतः झाडाझुडपांवरून आणि दिव्यावरून धरलेत, त्यांची काही अडचण नाही. अडचण आहे ती उरलेल्या १७ ची. ते शहरातल्या एका लाकडाच्या वखारीत मिळाले. सहा आंब्याच्या ओंडक्यातून, पाच शिरीषाच्या, चार जळणाच्या ढिगातून आणि दोन वखारीच्या भिंतीवर दिव्याखाली बसलेले.

नमुन्याच्या टाचणीला जी चिठ्ठी लावायची तिच्यावर ठिकाण काय लिहू? मैत्रीण म्हणते, "कोल्हापूर लिही आणि मोकळी हो." पण लाकूड कुठून आलंय देव जाणे. महिनाअखेर सगळं जमा करायचंय. कुणी असलं काम केलंय का?

रानवेडा
मी पहिला! लहानपणी आजोळी आंब्याच्या झाडाखाली हे सापडायचे. धरला की चीं चीं करायचा. आम्ही त्याच्या मिशीला दोरा बांधून फिरवायचो. आता लाज वाटते.

अवांतर: तो आवाज तोंडातून येतो का?

उंबरफूल
@रानवेडा, तोंडातून नाही. मान वरखाली करताना छातीचा पुढचा भाग मागच्या खरखरीत पट्टीवर घासतो, त्याचा तो आवाज. आंब्यावरचा तो बहुतेक बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. करड्या अंगाचा, मानेवर दोन नारिंगी ठिपके. शेतकरी त्याच्या अळीला खोडकिडा म्हणतात. फणस, उंबर, काटेसावर यांनाही सोडत नाही.

निवृत्त_मास्तर
पोरी, मैत्रिणीचं ऐकू नकोस. हे काम मी बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक साधी गोष्ट डोक्यात पक्की कर. चिठ्ठीवर तुला माहीत आहे तेवढंच लिहायचं. तुला वाटतंय ते लिहायचं नाही. "कोल्हापूर" लिहिलंस तर पन्नास वर्षांनी कुणीतरी नकाशावर ठिपका देईल की ही जात शहरात वाढते. ती वाढली असेल शाहूवाडीच्या एखाद्या परड्यात. आणि ठिपका एकदा पडला की पुढचे दहाजण तोच उचलतात.

म्हणून ठिकाण दोन भागांत लिही. भुंगेरा हातात कुठे आला ते पहिलं. लाकूड कुठून आलं ते दुसरं, आणि ते कुणी सांगितलं तेही. "वखारमालकाच्या सांगण्यावरून" एवढे शब्द लिहायला लाजू नकोस. मूळ ठिकाण कळलंच नाही तर "लाकडाचे मूळ ठिकाण अज्ञात" लिही. अज्ञात लिहिलेला नमुना अभ्यासाला चालतो. खोटा पत्ता लिहिलेला चालत नाही, कारण तो खोटा आहे हे कुणाला कळतच नाही.

तारखांचंही तेच. लाकडातून निघालेल्या भुंगेऱ्याला दोन तारखा असतात, ओंडका आणला ती आणि भुंगेरा बाहेर पडला ती. अळी लाकडात वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ असते. लाकूड वाळलं की वाढ अजून रेंगाळते. घरातल्या फर्निचरमधून स्ट्रोमेशियम बार्बेटमसारखा भुंगेरा सुतारकामानंतर वर्षांनी बाहेर आल्याची उदाहरणं आहेत. एकच तारीख लिहिलीस तर वाचणारा म्हणेल, हा जानेवारीत उडतो. उडत नसतो, तुझ्या खोलीतल्या उबेला फसलेला असतो.

महिना रोमन आकड्यात लिही. नाहीतर ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर पुढे भांडणं होतात.

शिरोली_एमआयडीसी
फाउंड्रीत आहे, कीटकांतलं शून्य कळतं. पण आमच्याकडे परदेशी मालाच्या खोक्यांवर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का आणि "एचटी" लिहिलेलं असतं. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. आमचा पॅकिंगवाला सांगतो की हे सगळं तुमच्या भुंगेऱ्यांमुळेच सुरू झालं. खरं का?

निवृत्त_मास्तर
बऱ्याच अंशी खरं. चीनकडचा एक लांबशिंगी, अॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस, पॅकिंगच्या लाकडातून अमेरिकेत पोचला. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि मग हजारो झाडं तोडावी लागली. तो नियम त्यानंतरचा. उंबरफूल, वखारीत अशी खोकी फोडून टाकलेली असतील तर तेही बघ. तिथून काही निघालं तर ठिकाण कोल्हापूर सोड, भारतसुद्धा लिहिता येणार नाही.

वखारवाला
नमस्कार. माझी वखार हाय, तीन पिढ्या. ताई आल्यात त्या माझ्याकडं नाही, पण धंदा तोच.

तुम्ही म्हणताय देव जाणे. देवाला कशाला इचारताय, मालकाला इचारा की. आमच्यात माल कुठनं आला ते लिहिलेलं असतंय. काही जातीच्या लाकडाला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतोय, आम्ही त्याला टीपी म्हणतो. त्याच्यावर गाव, गट नंबर, झाडाची जात, नग, माप सगळं असतंय. जंगलातल्या मालावर हातोड्याचा शिक्का असतोय. ज्याला टीपी लागत नाही त्याची नोंद डायरीत, गाडीवाल्याच्या नावानं. ओंडक्याच्या तोंडावर खडूनं नंबर टाकलेला असतोय, तो डायरीशी जुळवायचा.

आंबा, जांभूळ, फणूस जास्त करून शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावड्याकडनं. बाभूळ इकडं शिरोळ-हातकणंगल्याकडची. साग चांगला पायजे तर बल्लारशाचा. जळणाचा ढीग मात्र सोडून द्या, त्यात कुठलं काय ते बापाला पण सांगता येणार नाही.

फक्त एक. खडूचा नंबर पावसात जातो. लवकर जावा.

उंबरफूल
@वखारवाला दादा, हे मला सुचलंच नव्हतं. उद्या सकाळीच जाते.

पुणेरी_टोमणा
एक शंका. या भुंगेऱ्यांना मारून टाचण्या टोचायची एवढी हौस का? चांगला फोटो काढा, जागा नोंदवा आणि सोडून द्या. २१व्या शतकातही जिवांचं लोणचं घालायचं?

रानवेडा
+१. मलाही हेच विचारायचं होतं, पण दोरा बांधणाऱ्याने कुठल्या तोंडाने विचारायचं.

निवृत्त_मास्तर
प्रश्न रास्त आहे, टोमणा नसता तरी चाललं असतं.

बॅटोसेरासारखा मोठा, ठळक ठिपक्यांचा भुंगेरा फोटोवरून ओळखता येतो. पण या कुळात जगभर पस्तीस हजारांहून जास्त जाती आहेत. बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी भुंगेऱ्यांचे दहा फोटो समोर ठेवले तर मी मान खाली घालीन. तोंडाजवळच्या स्पर्शकाचं शेवटचं पेर टोकदार आहे की तिरकं छाटल्यासारखं, मिशीचं पहिलं पेर कसं, नराचं जननेंद्रिय कसं, हे भिंगाखाली बघावं लागतं. वाळलेल्या नमुन्याच्या पायातून पुढे डीएनएसुद्धा काढता येतो. आणि मुख्य म्हणजे, माझी ओळख चुकली असेल तर दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे.

पण हाव नको हेही खरं. एका जागेवरून एका जातीचे नर-मादी मिळून चार-पाच पुरतात. बाकीचे मोजून सोडून द्यावेत.

पुणेरी_टोमणा
शास्त्रापुरतं मान्य. तरी माझं मन काही तयार होत नाही. आंब्याच्या झाडात औषधाचा बोळा कोंबून आपण किती मारतो तो हिशेब वेगळा, हेही मान्य. थांबतो.

बांधावरून
हातकणंगले तालुका, सोयाबीन चार एकर. वर खोडकिडा वाचला म्हणून विचारतो. आमच्याकडे चक्री भुंगा येतो, तो पण याच खानदानातला का? मिशा लांब आहेत त्याच्या.

उंबरफूल
@बांधावरून, हो! ओबेरिओप्सिस ब्रेव्हिस, याच कुळातला. मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल चकत्या कुरतडते, मध्ये साधारण एक-दीड सेंटिमीटर अंतर, आणि त्या पट्ट्यात अंडं घालते. वरचा भाग सुकतो. डोकं-छाती नारिंगी आणि पंखांची टोकं काळी, असाच ना? आमच्या संग्रहात सोयाबीनवरचा स्थानिक नमुना एकही नाही. फवारणीआधी दोन-तीन धरून ठेवाल का? मी घ्यायला येते.

बांधावरून
दोन-तीन कशाला, पोतंभर न्या की. फवारणी गुरुवारी, त्याच्या आधी या. चहाला थांबा.

निवृत्त_मास्तर
पोतंभर नको, मी मघाशी काय लिहिलं! पण चिठ्ठीवर "सोयाबीनवर, देठाला चकती करताना" असं जरूर लिही. भुंगेरा झाडावर नुसता बसला होता, खात होता, की लाकडातून निघाला, या तिन्हींत फार फरक आहे. यजमान वनस्पतींच्या जुन्या याद्यांत हा गोंधळ भरपूर आहे. कुणीतरी बाभळीवर विसावलेला भुंगेरा धरला आणि यादीत बाभूळ घुसली.

काकू_राजारामपुरी
मला भुंग्यातलं कळत नाही पण या ताईची आई मी असते तर! परवा माझा मुलगा पण असलं काहीतरी बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवत होता. कुठे ठेवतेस गं तू हे सगळं?

उंबरफूल
काकू, काय सांगू. आंब्याच्या ओंडक्याचे तुकडे बादलीत घालून वर मच्छरदाणीची जाळी बांधून गॅलरीत ठेवले होते. एका रात्री बॅटोसेराने जाळी कुरतडली आणि सकाळी साहेब आईच्या देवघराच्या पडद्यावर. आईने हळदीकुंकवाचं ताट टाकून किंचाळी फोडली. तेव्हापासून पत्र्याचा डबा आणि तारेची जाळी. फ्रीजरमध्येही ठेवते, घट्ट झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, आईच्या लेखी परवानगीने.

संग्रहालयात_नोकरी
ताई, दुरुस्त्या न करता फक्त अनुभव सांगतो, कारण यातली प्रत्येक चूक मी केलेली आहे.

मारण्याच्या बाटलीत एथिल अॅसिटेट वापरत असाल तर ती काचेचीच घ्या. मी एकदा घाईत ओलसर भुंगेरे बाटलीतून काढले आणि सरळ थर्माकोलवर मांडले. अर्ध्या तासाने पाहतो तर थर्माकोल विरघळून खड्डे पडलेले आणि भुंगेरे खड्ड्यांत चिकटलेले. अकरा नमुने गेले. त्यातले दोन परत कधी मिळाले नाहीत.

टाचणी उजव्या पंखकवचातून, वरच्या भागात. मधोमध टोचलीत तर कवचं फाकतात. शिंप्याची टाचणी नको, गंज चढून नमुना फुटतो. स्टेनलेसच्या कीटकटाचण्या मागवा, मोठ्यांना तीन नंबर. जे अगदी बारीक आहेत ते त्रिकोणी कागदाच्या टोकावर डिंकाने. मिशा पाठीवरून मागे वळवून वाळवा. पसरून ठेवल्यात तर पेटी बंद करताना तुटतात, आणि मिशी तुटलेला लांबशिंगी म्हणजे राजाचं मुंडासं गेलं.

कोल्हापूरचा जुलै मला माहीत आहे. हवेत पाणी. वाळायला ठेवलेल्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी. पिवळ्या बल्बचा एक डबा करा, बल्ब खाली, जाळी वर, आठवडाभर. पेटीत जाण्याआधी नमुने फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवा, म्हणजे वाळके नमुने खाणारे 'संग्रहालयाचे भुंगेरे' मरतात. ते अँथ्रिनस तिळाएवढे असतात आणि वर्षाची मेहनत पावडर करतात. पेटीत टाचण्यांखाली तपकिरी भुकटी दिसली की समजा पंगत बसली.

उंबरफूल
वाचनखूण साठवली. बल्बचा डबा आजच करते. माझ्या चार नमुन्यांवर बुरशी आलीय, मऊ ब्रशने स्पिरिट लावून पुसली तर चालेल ना?

संग्रहालयात_नोकरी
चालेल. पण ज्यांच्या अंगावर बारीक लव किंवा पावडर आहे त्यांना हात लावू नका. ठिपके त्या लवेचेच असतात, पुसलेत की जात गेली.

डोंगरयात्री
दाजीपूरला या शनिवारी आमचा ग्रुप जातोय. पांढरी चादर आणि मोठा दिवा लावूया का? तिथे तर खच पडेल!

निवृत्त_मास्तर
अजिबात नाही. ते राधानगरी अभयारण्य आहे. तिथे मुंगीसुद्धा उचलायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. विनापरवाना गोळा केलेला नमुना विद्यापीठाने घेऊही नये. चिठ्ठीवर ठिकाण दाजीपूर आणि फाइलमध्ये परवानगी नाही, म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा टाचणीला लावून ठेवला. बाहेर कुणाच्या मालकीच्या शेतात, त्याला विचारून, दिवा लाव. अमावस्येच्या आसपास, पाऊस उघडल्यावर, वारा नसताना.

आणि कधी नवी जात निघालीच तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिची माहिती आणि नमुना शासनाने नेमलेल्या संग्रहाकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण.

उंबरफूल
ओळख पटवताना अजून एक अडलंय. ब्रिटिश भारतातल्या लांबशिंगींवरचं गाहानचं १९०६ चं पुस्तक स्कॅन केलेलं मिळालं. त्यात शिरीषावरचा झायस्ट्रोसेरा ग्लोबोसा लगेच सापडला, तपकिरी अंग आणि हिरव्या चमकत्या पट्ट्या. पण बॅटोसेरा काही केल्या सापडत नाही. दोनदा अनुक्रमणिका चाळली. मीच आंधळी आहे का?

निवृत्त_मास्तर
हाहा. या खड्ड्यात प्रत्येकजण एकदा पडतो. त्या खंडात लॅमिइनी उपकुळ नाहीच. बॅटोसेरा, ओबेरिओप्सिस, उंबरावरचा पांढऱ्या ठिपक्यांचा ओलेनेकॅम्टस, सगळे लॅमिइनी. नमुना हातात घेऊन आधी चेहरा बघ. तोंड सरळ खाली, बोकडासारखं उभं कपाळ असेल तर लॅमिइनी, गाहान मिटून ठेव. तोंड पुढे झुकलेलं असेल तर सेरॅम्बिसिनी. मानेच्या दोन्ही कडांना दाते असतील आणि अंग दांडगं असेल तर प्रायोनिनी. हे दोन्ही गाहानमध्ये आहेत. लॅमिइनीसाठी ब्रॉइनिंगचे लेख लागतील, आणि झाडांच्या नोंदींसाठी बीसनचं १९४१ चं जाडजूड पुस्तक. वनकीटकांवर त्याला आजही पर्याय नाही.

उंबरफूल
अपडेट देते. वखारीत जाऊन आले.

मालकांनी डायरी काढून दिली, चहा पाजला आणि "भुंग्याची पण टीपी काढा आता" म्हणून हसले. खडूचे नंबर अर्धे पुसलेले होते, पण आंब्याच्या दोन्ही ओंडक्यांचे जुळले. शाहूवाडी तालुक्यातलं गाव मिळालं, ओंडके ९ मार्चला आलेले. शिरीष तर इथलाच निघाला, उपनगरात घर बांधताना तोडलेला, मालकांनी स्वतः उचललेला. म्हणजे सहा आणि पाच, अकरा सुटले. भिंतीवरचे दोन दिव्याला आलेले, त्यांना वखारीचाच पत्ता, "दिव्यावर" असं लिहून, लाकडाचं नाव न घालता. जळणाच्या ढिगातले चार अज्ञात.

आंब्याच्या एकाची चिठ्ठी अशी केलीय (खरी इंग्रजीत आहे, अगदी बारीक अक्षरात):

भारत, महाराष्ट्र, कोल्हापूर शहर, लाकडाची वखार, सुमारे १६.७० उ., ७४.२३ पू.
ओंडका ९ मार्च, भुंगेरा बाहेर २२ जून

आणि खाली दुसरी:

आंब्याच्या खोडातून. लाकूड शाहूवाडी तालुक्यातील, वखारमालकाच्या डायरीवरून.

एक कबुली. धागा काढायच्या आधीच मी आठ चिठ्ठ्या नुसतं "कोल्हापूर" लिहून टोचल्या होत्या. त्या काढून फेकू का?

निवृत्त_मास्तर
फेकू नकोस. जुनी चिठ्ठी टाचणीवरून कधीच काढायची नाही, चुकीची असली तरी. खाली नवी लाव, त्यावर "ठिकाण दुरुस्त" आणि दुरुस्तीची तारीख. नोंदवहीत शाईने एक रेघ मार, वरचं वाचता येईल अशी.

आणि अक्षांश-रेखांशापुढे किती मीटर इकडेतिकडे तेही लिही. वखारीचे अक्षांश मोबाइलने दहा मीटरपर्यंत सांगितले असतील. शाहूवाडीच्या गावाचे लिहिलेस तर दोन-तीन किलोमीटरची सूट धर, झाड गावात कुठे होतं ते तुला माहीत नाही.

बांधावरून
ताई गुरुवारी येऊन गेल्या. चार धरले, बाकी सोडले. माझी पोरगी आता रोज सोयाबीनमध्ये चकत्या मोजत बसतीय, अभ्यास बाजूला. बिल कुणाला पाठवू?

पुणेरी_टोमणा
बिल मास्तरांना. (आणि चक्री भुंग्याबद्दल मला सहानुभूती नाही, हे इथे नमूद करतो.)

वखारवाला
ताई, एक सांगायचं राहिलं. माझ्या वखारीत मागच्या बाजूला फणसाचा ओंडका हाय, पन्हाळ्याकडचा. कालपासनं त्याच्या बुडातनं भुसा पडायला लागलाय, जाड, दाताळ्यानं काढल्यासारखा. पोरांना सांगितलंय, फाडू नका. तोंडावर गाव आणि तारीख ऑइल पेंटनं लिहून ठेवलीय, खडूनं नाही. पत्र्याचा डबा मोठा आणा.